न गायलेला सूर

‘जिंगल बेल्स’मध्ये एक जागा आहे. ध्रुवपद पहिल्या खेपेला संपत येतं, चाल रिषभावर जरा घुटमळते आणि तिथून एकदम पंचमावर उडी घेते. त्या उडीच्या आधीचा जो चार मात्रांचा बार, तिथे आमच्या गायनमंडळात दर डिसेंबरला एखादी नवी गिटार अडते.

वसईत केळीच्या वाड्यांमधून कॅरलवाल्यांच्या टोळ्या घरोघर फिरायला लागतात, त्याच्या आधी पंधरा दिवस चर्चमागच्या हॉलमध्ये तालीम चालते. गेल्या वर्षी अकरावीतला एक मुलगा गिटार घेऊन आला होता. सी, एफ, पुन्हा सी इथवर नीट यायचा आणि त्या बारवर जी धरायचा. चूक म्हणावी तर नाही. गाणारे गात राहत, कुणी वळूनही बघत नसे. पण त्याचा स्वतःचा चेहरा उतरे. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “काका, इथे काहीतरी वेगळं आहे. रेकॉर्डवर हा बार उचलल्यासारखा वाटतो, माझा आडवाच राहतो.”

कानाने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा संच, शोधायची विद्या या अस्वस्थतेत सुरू होते. आपली कॉर्ड चालते आहे, कुणी हरकत घेत नाही, तरी मन भरत नाही. हे ज्याला जाणवलं त्याचं अर्धं काम झालं.

मी त्याला कॉर्डचं नाव सांगितलं नाही. तेवढे दोन बार फोनवर पुन्हा पुन्हा लावले आणि म्हटलं, गाणं गुणगुणू नकोस, गाण्याच्या खाली दुसरं जे काही ऐकू येतं ते गुणगुण. पाचव्या-सहाव्या वेळी त्याच्या तोंडून पंचमाच्या किंचित खालचा एक सूर निघाला. की-बोर्डवर तो कुठे आहे ते त्यानेच शोधलं: पांढरी एकचा सा धरला तर पांढरी चार आणि पांढरी पाच यांच्या मधली काळी, काळी तीन. म्हणजे तीव्र मध्यम.

आज आपण म्हणतो त्या ‘जिंगल बेल्स’च्या चालीत आरंभापासून शेवटापर्यंत तीव्र मध्यम कुठेही नाही. ती सगळी बिलावलच्या घरची, शुद्ध सुरांची चाल. त्याच्या आदल्याच बारांत तर गाणारे ठणठणीत शुद्ध मध्यम म्हणतात. तरी त्या एका बारात साथीतून तीव्र मध्यम येतो, कारण तिथली कॉर्ड डी सेव्हन आहे: रे, तीव्र म, ध आणि वरचा सा. हा तीव्र मध्यम पंचमाला चिकटून उभा असतो. पुढच्या बारात जीची कॉर्ड येते, प-नि-रे, आणि तो अर्धा स्वर चढून पंचमाला मिळतो. मुलाला जे ‘उचलल्यासारखं’ वाटत होतं ते हेच. बिलावलच्या घरात एका बारापुरता यमन खिडकीतून डोकावून जातो, आणि तो सूर गाणाऱ्यांपैकी कुणीही गात नाही.

कॉर्ड शोधणं म्हणजे असा न गायलेला सूर शोधणं. सूर एकदा सापडला, तो कुठून आला आणि कुठे जातो आहे हे कळलं, की कॉर्डचं नाव मागाहून आपोआप येतं. बहुतेक मुलं उलट्या बाजूने जातात. गिटारवर बोटांचे जे दहा-बारा आकार पाठ असतात ते एकामागून एक लावून बघतात. कुलूप उघडायला जुडग्यातली प्रत्येक किल्ली घालून बघावी तसं. साध्या गाण्याचं कुलूप तसं उघडतंही. अवघड गाण्याची किल्ली त्या जुडग्यात नसतेच.

आपल्याकडे ही अडचण होते त्याला कारण आहे. आपल्या घरांत संगीत शिकवलं जातं ते एका सुराचं. गळा पुढे, पेटी त्याच्या मागे. पेटीचा उजवा हात चालीवर आणि डावा भात्यावर. कॉर्ड धरायला दुसरा हातच मोकळा नाही. चर्चमध्येही फार वेगळं घडलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत मिस्सा करण्याची वाट मोकळी केली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी गीतं आली, त्यांच्याबरोबर पेटी आणि तबला आला. गिटार आणि की-बोर्ड त्यांच्याशेजारी येऊन बसले. त्यामुळे आमच्याकडे एकाच बाकावर दोन तऱ्हेचे कान असतात: एकाला आलाप ऐकू येतो, दुसऱ्याला कॉर्ड. मला ही मोठी मिळकत वाटते.

शिवाय एकत्र वाजणारे सूर आपल्या कानाला परके आहेत हेही खरं नाही. तानपुऱ्याजवळ बसून बघा. खर्जाची तार सेकंदाला १०० वेळा कंप पावते असं धरलं, तर त्याच तारेतून २००, ३००, ४००, ५००, ६०० कंपनांचे सूरही बारीक निघत असतात. ४०० म्हणजे वरचा सा, ५०० म्हणजे गंधार, ६०० म्हणजे पंचम. तार कुणी गंधारात लावलेली नसते, तरी गंधार येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सा-ग-प हे ४:५:६ या प्रमाणातले तीन सूर म्हणजेच पाश्चात्त्यांची मेजर कॉर्ड. ती तानपुऱ्यात पहिल्यापासून आहे, फक्त तिला आपण वेगळं नाव दिलं नाही. शास्त्रीय शिकलेली मुलं की-बोर्डचा गंधार ‘चढा’ म्हणतात तेही खरंच असतं. बारा सारख्या पट्ट्यांची सोय करताना त्या गंधाराला तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा थोडं वर सरकवावं लागलं. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग वर.

मायनर कॉर्डचा, म्हणजे कोमल गंधाराच्या कॉर्डचा, नमुना वसईकरांना आणखी जवळचा आहे: चर्चची घंटा. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, त्यानंतर इथल्या चर्चच्या घंटा ठिकठिकाणी गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ साली बांधलेल्या रामेश्वराच्या देवळात अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि ती वसईच्या विजयाची खूण म्हणून ओळखली जाते. खणखणीत आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो, ती हीच.

युरोपीय घडणीच्या मोठ्या घंटेत एका टोल्यात किमान पाच सूर निघतात: घुमणारा खर्ज, त्याच्या वरचा सा, वर पंचम, त्याहून वर पुन्हा सा, आणि या सगळ्यांच्या मधोमध कोमल गंधार. तारेत शुद्ध गंधार निघतो, घंटेत कोमल. कारण घंटा तारेसारखी एका रेषेत कंप पावत नाही, तिचा काठ आणि तिची कंबर वेगवेगळ्या तऱ्हेने थरथरतात. घंटेतून शुद्ध गंधार काढायला माणसाला १९८०च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. नेदरलँड्समध्ये संगणकावर आकार आखून मधे फुगवटा दिलेल्या घंटा ओतल्या, तेव्हा कुठे मेजर कॉर्डची घंटा वाजली. मायनर कॉर्ड मुलांना ओळखू येत नसेल तर मी त्यांना संध्याकाळच्या घंटेखाली उभं करतो. टोला पडल्यावर लगेच नाही, नाद विरत जाताना ऐकायचं. त्या विरत्या नादातला मधला सूर धरून गुणगुणायचा. एकदा तो कानात बसला की मायनर म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. गाणं समोर आहे, कॉर्ड कुठे लिहिलेल्या नाहीत.

पहिला शोध ‘सा’चा. गाणं चालू असताना एकच सूर लांबवत राहायचा. जो सूर जवळपास सगळीकडे खपतो आणि गाणं संपताना ज्यावर निवांत वाटतं, तो सा. एवढं झाल्याशिवाय गिटारला हात लावू देत नाही. कॅसेटच्या काळात इथेच पहिला घोळ व्हायचा. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की फीत हळू फिरायची आणि सूर खाली यायचा. गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अधेमधे कुठेतरी लटकायचं. तेव्हा आम्ही गिटारच कॅसेटला जुळवून घ्यायचो. आज फोनवर सूर न उतरवता वेग अर्धा करता येतो. ही केवढी मोठी सोय आहे हे ज्याने पेन्सिलीने कॅसेट मागे फिरवली आहे त्यालाच कळेल.

दुसरा कान बासवर. सगळ्यांत खालचा सूर कुठे बदलतो तिथे टाळी द्यायची. नाव ओळखायचं नाही, नुसतं ‘आता बदललं’ एवढंच. कॉर्ड कोणती यापेक्षा ती कधी बदलते हे आधी कळलं पाहिजे. बास ऐकू येत नसेल तर एक उलटी युक्ती आहे: गाणं दुप्पट वेगाने, सूर चढवून लावायचं. बास एक सप्तक वर येतो आणि फोनच्या बारक्या स्पीकरवरही स्पष्ट ऐकू येतो. वायरच्या हेडफोनचीही एक जुनी युक्ती: पिन खाचेतून किंचित बाहेर ओढली की कधी कधी मधोमध मुद्रित केलेला गायकाचा आवाज नाहीसा होतो आणि डाव्या-उजव्या कडेला वाजणारी गिटार, व्हायोलिन्स उघडी पडतात. बासही बहुधा मधेच असतो, तोही जातो. पण आतल्या कॉर्ड ऐकायला याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. सप्तकातले सातही सूर तीन कॉर्डमध्ये मावतात: सा-ग-प, म-ध-सां, प-नि-रें. म्हणून तीन कॉर्डवर हजारो गाणी उभी आहेत. १८१८च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारच्या साथीवर, आणि आजही या तीन कॉर्डवर ते पूर्ण वाजतं. नव्या मुलाने तिथून सुरुवात करावी. चालीतला ठाशीव सूर कोणता ते बघायचं आणि तो ज्या कॉर्डमध्ये आहे ती लावायची.

पण हा हिशेब नेहमी पुरत नाही. भूपाचे पाच सूर घ्या: सा, रे, ग, प, ध. यातून पुऱ्या कॉर्ड दोनच बनतात. सा-ग-प ही मेजर आणि ध-सा-ग ही मायनर. म्हणून भूप किंवा देशकाराच्या सुरांत बांधलेली चाल, उदाहरणार्थ सुधीर फडक्यांचं ‘ज्योती कलश छलके’, नुसती चाल ऐकून कॉर्ड सांगू देत नाही. सा आणि ग हे दोन्ही सूर दोन्ही कॉर्डमध्ये आहेत. एकाच ओळीखाली मेजर ठेवली तर उजाडल्यासारखं होतं, मायनर ठेवली तर तीच ओळ सांजावते. इथे चालीला विचारून उत्तर मिळत नाही, साथीलाच विचारावं लागतं.

आणि साथ कुणी लिहिली? हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. हिंदी आणि मराठी चित्रपटसंगीताच्या मोठ्या काळात संगीतकार पेटीवर चाल बांधायचा आणि तिच्याखाली कोणती कॉर्ड, कोणती उपचाल हे पुष्कळदा अरेंजर ठरवायचा. त्यांत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणं, शिकून आलेले लोक मोठ्या संख्येने होते. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवायचे. पुढे मुंबईत शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना त्यांनी जो व्हायोलिन्सचा आणि उपचालींचा भरजरी पदर दिला तो आजही ओळखू येतो. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा मोठा वाद्यवृंद उभा केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. सलील चौधरींना तर स्वतःलाच हे सगळं येत होतं. ‘छाया’ (१९६१) मधल्या एका गाण्यासाठी त्यांनी मोझार्टच्या ४०व्या सिंफनीचा आरंभ उचलला, तो आपल्या कानांना परका वाटला नाही.

ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, महालक्ष्मीच्या फेमसमध्ये या लोकांनी हाताने लिहिलेले कागद वादकांसमोर ठेवले, गाणं मुद्रित झालं आणि त्यांतले बहुतेक कागद कुठेच छापले गेले नाहीत. बीथोवेनच्या कॉर्ड पुस्तकात बघता येतात, सेबॅस्टियनच्या बघता येत नाहीत. त्या ऐकूनच काढाव्या लागतात. म्हणून मला कानाने कॉर्ड काढणं हे कामचलाऊ कसब वाटत नाही. एका पिढीने केलेलं काम वाचायची आपल्याकडे तेवढी एकच लिपी शिल्लक आहे.

या अरेंजर लोकांनी पेरलेले दोन चकवे वारंवार भेटतात. एक म्हणजे उलटी कॉर्ड. बासमध्ये सा, मग नि, मग ध असं उतरताना ऐकू येतं आणि मुलगा सीनंतर बीची कुठलीतरी कॉर्ड शोधत बसतो. प्रत्यक्षात मधली कॉर्ड जीच असते, फक्त तिचा निषाद तळाला ठेवलेला असतो. खालचा सूर म्हणजे कॉर्डचं नाव नव्हे. बासला तुम्ही कॉर्डचं नाव विचारलंत तर तो स्वतःचं नाव सांगतो. दुसरा चकवा डिमिनिश्डचा. दर तीन अर्धस्वरांवर एकेक सूर, असे चार सूर. सप्तकात अर्धस्वर बारा, त्यामुळे अशा वेगळ्या कॉर्ड साऱ्या जगात तीनच आहेत आणि प्रत्येकीला चार नावं. एक मुलगा सी म्हणतो, दुसरा ए म्हणतो, आणि दोघेही बरोबर असतात. ती कॉर्ड सहसा वाटेतला दगड असते, सा आणि रे यांच्या मधल्या कोमल रिषभावर क्षणभर पाय ठेवून पुढे जायला. ती कुठे टेकते ते बघा, नावाचा वाद सोडून द्या.

कानाची मर्यादाही मानली पाहिजे. बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’च्या (१९६४) आरंभी एकच झणकारा आहे, त्याची कॉर्ड कोणती यावर जगभरचे गिटारवाले चाळीस वर्षं भांडले. शेवटी कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचे गणिती जेसन ब्राऊन यांनी तो नाद गणिताने सुटा करून पाहिला आणि गिटारांच्या आवाजात पियानोही मिसळलेला आहे असा निष्कर्ष काढला. म्हणजे तो एका वाद्यावर पुरता सापडणारच नव्हता. आता फोनमधलं ॲप काही सेकंदांत कॉर्डची नावं दाखवतं. साध्या गाण्यात ते बरंच जमवतं, वर सांगितलेल्या दोन चकव्यांत हमखास फसतं. मी मुलांना ते आधी उघडू देत नाही, पडताळ्याला उघडू देतो.

आता ज्या गाण्यासाठी हे सगळं सांगितलं त्याच्याकडे येतो. ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ १९७६च्या डिसेंबरात आलं आणि तेव्हापासून वसई-विरारमध्ये गिटार हातात घेतलेला मुलगा त्याच्या वाटेला गेला नाही असं मी पाहिलेलं नाही. आठ कॉर्डचं आवर्तन, प्रत्येकीला एक बार: बी मायनर, एफ शार्प सेव्हन, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प सेव्हन. आमच्याकडे दुसऱ्या घरावर कॅपोची चिमटी लावून ते ए मायनरच्या आकारांत वाजवतात. आठही नावं कागदावर बघितली तर त्यांच्यात काही नातं दिसत नाही. एका घरातल्या या कॉर्डच नव्हेत.

तरुणांच्या मेळाव्यासाठी दोन बहिणी हे गाणं बसवत होत्या. धाकटी पाच वर्षं शास्त्रीय शिकलेली. थोरलीने ऐकून ऐकून सगळ्या कॉर्ड काढल्या होत्या, फक्त चौथीवर ती ई मायनर धरायची. तिचं तर्कशास्त्र चोख होतं: गाणं मायनर, त्यात कोमल धैवत असणार, ई मायनरमध्ये तो आहे, शिवाय सातवी कॉर्ड ई मायनर आहेच. तरी चौथ्या बारावर गाणं जरासं झाकोळून जायचं आणि रेकॉर्डवर तिथे ऊन पडायचं. धाकटीला सांगितलं, तू कॉर्ड विसर. बीला सा मान, वरच्या सापासून सुरू कर आणि प्रत्येक बारावर जितकं कमीत कमी खाली येता येईल तितकं ये. जिथे बोचेल तिथे थांब.

तिने डोळे मिटून तंबोऱ्यावर बसल्यासारखा सूर लावला. पहिल्या बारावर सां. दुसऱ्यावर शुद्ध निषाद. तिसऱ्यावर कोमल निषाद. चौथ्यावर ती खाली सरकली आणि शुद्ध धैवतावर थांबली, तिथेच थोरलीची गिटार तिला बोचली. दोघी हसल्या. बहिणीने ई मायनरचा ई मेजर केला. पाचव्यावर कोमल धैवत, सहाव्यावर पंचम, सातव्यावर मध्यम, आठव्यावर पुन्हा पंचम. आठ अनोळखी कॉर्डच्या पोटातून एक जिना खाली उतरतो, अर्ध्या अर्ध्या स्वराच्या पायऱ्यांचा: सां, नी, कोमल नी, ध, कोमल ध, प. रागदारीत दोन निषाद आणि दोन धैवत असे लागोपाठ सहसा येत नाहीत. धाकटीच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्या बारावर किरवाणी आहे, चौथ्यावर काफी, पाचव्यावर आसावरी, आणि तिन्हींना सांधणारा धागा तो जिना आहे. गायक तो जिना गात नाही, त्याची चाल वेगळ्याच वाटेने जाते. ऐकणाऱ्याला मात्र आपण कुठेतरी खाली खाली ओढले जातो आहोत असं सतत वाटत राहतं.

मेळाव्याच्या आदल्या रात्री एकच प्रश्न उरला होता. रेकॉर्डवर हे आवर्तन संपतच नाही. दोन गिटारी एकमेकींत गुंतून वाजत राहतात आणि आवाज हळूहळू कमी होत विरून जातो. शेवटची कॉर्ड एफ शार्प सेव्हन, तिच्या पोटात शुद्ध निषाद, साच्या दाराशी उभा असलेला. रंगमंचावर आवाज असा हळूहळू पुसता येत नाही, कुठेतरी थांबावं लागतं. थोरली म्हणत होती त्या निषादावरच थांबू, तसंच आहे ना ते गाणं. धाकटीला ते सहन होईना. अकरावीतला तो मुलगाही ऐकत बसला होता. त्याने काही न बोलता गिटार उचलली, बी मायनर एकदाच छेडली, आणि धाकटीने त्यावर वरचा सा लावला.